तात्पर्यापलीकडची ‘श्यामची आई’

‘जीवनकौशल्ये’ हा शब्द आता शालेय व्यवहारात पुरता रुळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शाळांकरिता दहा कौशल्यांची यादी सिद्ध केली. आत्मभान, समानुभूती, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, निर्णयक्षमता, समस्यापरिहार, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांची हाताळणी आणि ताणतणावांशी सामना, अशी ती यादी आहे. तिच्या पाठोपाठ ‘रेझिलियन्स’ हा शब्द आला. मराठीत त्याला कोणी लवचीकता म्हणतात, कोणी चिवटपणा. आम्हांस ‘उभारी’ हा जुना शब्द त्याच्या आशयाच्या अधिक जवळचा वाटतो. कारण माणूस पडतो हे गृहीत धरूनच तो शब्द बोलतो.

या यादीत गैर असे काहीच नाही. आपल्या नातवंडांना यांतले प्रत्येक कौशल्य लाभावे, असे कोणाला वाटणार नाही? आमचा प्रश्न वेगळा आहे. ही कौशल्ये शिकविण्याच्या निमित्ताने आपल्या साहित्याचा ज्या रीतीने उपयोग केला जातो, ती रीत साहित्याला आणि मुलांना सारखीच अपायकारक आहे, असे आमचे मत आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. या पुस्तकातील एखादा प्रसंग उचलावा, त्याचे तात्पर्य काढावे, तात्पर्याला कौशल्याचे नाव द्यावे आणि खाली तीन प्रश्न जोडावेत, ही पद्धत आपल्याकडे संस्कारवर्गांपासून व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत सर्वत्र दिसते. या पद्धतीत पुस्तकाचे नेमके काय गळून पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

आमची उभी हयात शासकीय सेवेत गेली. तेथील एक अनुभव येथे उपयोगी पडतो. वरून निघालेला चांगला विचार खाली पोचेपर्यंत त्याचे परिपत्रक होते, परिपत्रकाचा तक्ता होतो आणि तक्त्याचा पूर्तता-अहवाल होतो. अहवालात जे मावत नाही ते हळूहळू व्यवहारातूनही जाते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले, तेव्हा विचारकौशल्ये, सामाजिक कौशल्ये आणि भावनिक कौशल्ये यांनाही श्रेणी देण्याची व्यवस्था झाली. हेतू उदात्त होता. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात कोणाची समानुभूती ‘अ’ दर्जाची आणि कोणाची ‘ब’ दर्जाची, हे शिक्षकाने कोणत्या मापाने ठरवावे? आणि ‘क’ श्रेणी मिळालेल्या मुलाने स्वतःविषयी काय समजावे? मंडळाने ती मूल्यमापन पद्धती २०१७ मध्ये मागे घेतली. तिच्यामागची वृत्ती मात्र मागे घेतली गेलेली नाही. जे मोजता येईल तेच शिकविले, असे मानण्याची ती वृत्ती आहे.

या वृत्तीतून एक नवा कथाप्रकार जन्मास आला आहे. समीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नसली तरी आज आपली मुले सर्वाधिक वाचतात तो कदाचित हाच प्रकार असेल. त्याची घडण ठरलेली असते. एक मुलगा असतो. त्याला गाव नसते, भाषा नसते, घरात किती माणसे आहेत हे कळत नाही. तो परीक्षेत नापास होतो अथवा स्पर्धेत हरतो. शिक्षक किंवा आजोबा त्याला एक वाक्य सांगतात. तो पुन्हा प्रयत्न करतो आणि पुढच्या वर्षी पहिला येतो. तास संपण्याच्या आत संकट संपते. संकटाला कोणी जबाबदार नसते, त्याची किंमत कोणाला मोजावी लागत नाही, आणि ते टळले नाही तर काय, हा प्रश्न कधीच उद्‌भवत नाही. अशा कथेतून मूल एक गोष्ट मात्र नक्की शिकते. योग्य वृत्ती ठेवली की यश येतेच, असे ते शिकते. मग जेव्हा यश येत नाही, तेव्हा आपली वृत्तीच सदोष होती, असा निष्कर्ष त्याच्या हाती उरतो. उभारी देण्यासाठी लिहिलेली कथा अशा प्रकारे खचलेल्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवते.

या पार्श्वभूमीवर ‘श्यामची आई’ पुन्हा उघडून पाहावी. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी या पुस्तकाचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंनी त्यात आईची भूमिका केली आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपणांपैकी अनेकांच्या घरी पुस्तकाच्या आधी चित्रपट आला. त्यामुळे आईची जी एक मूर्ती मनात बसली, ती पुस्तकातील आईपेक्षा थोडी अधिक स्थिर आणि थोडी अधिक पूज्य आहे. पुस्तकातली आई चुकते, चिडते, रडते, गप्प बसते. तिच्याजवळ तयार उत्तरे फारशी नाहीत.

श्यामच्या पोहण्याचा प्रसंग घ्या. कोकणातली मुले विहिरीत पोहायला शिकतात. श्याम भितो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, छडीने मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहतो. परत आल्यावर हीच आई मारल्याबद्दल हळहळते, त्याला जवळ घेते आणि आपण असे का केले ते सांगते. तात्पर्यकार या प्रसंगावर ‘भीतीवर मात’ असे नाव लिहून मोकळे होतात. पण प्रसंगात काय काय आहे, ते मोजावे. विहीर ओळखीची आहे. पोहणारे सोबती आहेत, ते श्यामला बुडू देणार नाहीत. मुलाला लोक भित्रा म्हणतील, ही आईची स्वतःची भीतीही त्यात मिसळलेली आहे. मारणारा हातच नंतर पाठीवरून फिरतो. एवढे सारे असल्यामुळे श्याम पाण्यात उतरला. ‘भीतीवर मात करा’ हे वाक्य ऐकून तो उतरलेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आईने मारले हे आजच्या दृष्टीने समर्थनीय नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु प्रसंगातून मार वगळून केवळ धैर्य ठेवणे, ही वाचनाची लबाडी ठरेल. तो मार, त्यामागची लोकलज्जा आणि त्यानंतरचे आईचे दुःख या तिन्ही गोष्टी मुलांसमोर आल्या तर ती स्वतःच विचारतात की आईने दुसरे काय करायला हवे होते. चिकित्सक विचार म्हणतात तो हाच, आणि तो प्रश्नपत्रिकेतून येत नाही.

दुसरा प्रसंग अळणी भाजीचा. भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे. वडील काही न बोलता जेवतात. त्यांचे पाहून मुलेही जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला उमगते आणि ती कष्टी होते. वडिलांनी तिचे मन दुखावू नये म्हणून मौन पाळले; तिला मात्र आपल्या माणसांनी अळणी खाल्ले याचेच दुःख झाले. या प्रसंगावर ‘समानुभूती’ अशी चिठ्ठी लावली की त्याची गंमत संपते. कारण येथे समानुभूतीनेच थोडा घोटाळा केला आहे. दुसऱ्याला जपण्यासाठी गप्प राहावे की सांगावे, याचे उत्तर गुरुजी देत नाहीत. वडील मोठे की आई मोठी, हा प्रश्न ते मुलांकडे सोपवितात. चांगल्या साहित्याचे हे लक्षण आहे की ते सद्गुणालाही पेचात टाकते.

तथापि, आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग पुस्तकाच्या अखेरच्या तृतीयांशात आहे, आणि मुलांपुढे सर्वांत कमी येतो तो हाच भाग. प्रारंभीच्या रात्रींतील फुले, पत्रावळी, गाय आणि दिवाळी सर्वांना ठाऊक असतात. पुढे मात्र कर्ज येते. सावकाराचा माणूस दारी येतो. घरात तेल असेल तर मीठ नसते. घरावर जप्ती येते, गावात अब्रू जाते, आई दुखण्याने अंथरुणाला खिळते. आणि ती जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. बेचाळीस रात्रींच्या या कथेत आईच्या सद्गुणांना ऐहिक फळ मिळत नाही. कर्ज फिटत नाही, घर वाचत नाही, भेट होत नाही. जीवनकौशल्याच्या कोणत्याही पुस्तिकेत अशा शेवटाला प्रवेश मिळाला नसता. संपादकाने ‘सकारात्मक शेवट करावा’ असा शेरा मारून हस्तलिखित परत पाठविले असते.

तरीही हे पुस्तक निराशेचे नाही, आणि याचे कारण त्याच्या रचनेत आहे. ही कथा आई सांगत नाही. वयाने वाढलेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्री एकत्र बसवून सांगतो. म्हणजे जे गेले ते गेले, पण जो राहिला तो आता सांगू शकतो आहे, आणि ऐकायला माणसे जमली आहेत. श्याम स्वतःच्या चोरीविषयी, भित्रेपणाविषयी, आईला दिलेल्या त्रासाविषयी सांगतो आणि ऐकणारे उठून जात नाहीत. उभारी म्हणून जी काही आहे ती या दृश्यात आहे. ती एखाद्या रात्रीच्या उपदेशात शोधू नये. गुरुजींच्या उपदेशाचा भाग पुष्कळदा लांबतो, अश्रूंचा वापर सढळ होतो, आईच्या त्यागाला कोठे मर्यादा असावी की नाही हा प्रश्न ते विचारीत नाहीत. हे सर्व आक्षेप आम्हांस मान्य आहेत. पण सांगणारा आणि ऐकणारे यांची ही मांडणी इतकी पक्की आहे की उपदेश विरून गेला तरी ती टिकून राहते.

या मांडणीमागे गुरुजींचा प्रत्यक्ष अनुभव होता. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम पाहत होते. त्या छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. मुलांच्या वसतिगृहासाठी रोज हाताने मजकूर लिहावयाचा, हा उद्योग आजच्या हिशेबात बसणारा नाही. त्याचे कोणते कौशल्य साधले, याचा तक्ता करता येणार नाही. मुलांना एवढेच कळले असेल की हा माणूस आपल्यासाठी रोज रात्री जागतो.

येथवरचे विवेचन साहित्यापुरते झाले. व्यवहारात याला काही आधार आहे काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. सुदैवाने आपल्याच देशात याचा अतिशय काळजीपूर्वक प्रयोग झालेला आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्था आहे. या शब्दाचा अर्थ आम्हां बडोदेकरांना समजावून सांगावा लागत नाही. संगाथ म्हणजे सोबत. या संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत ‘सेहर’ नावाचा उपक्रम राबवून त्याचे परिणाम २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

प्रयोगाची आखणी लक्षात घेण्याजोगी आहे. जीवनकौशल्यांचा शासकीय वर्गपाठ सर्वच शाळांत होता. काही शाळांत तेवढाच ठेवला. काही शाळांत त्याच्या जोडीला ‘सेहर’चे कार्यक्रम त्याच शाळेच्या शिक्षकाकडे सोपविले. उरलेल्या शाळांत तेच कार्यक्रम एका बाहेरच्या व्यक्तीकडे दिले. ही व्यक्ती समुपदेशनातील तज्ज्ञ नव्हती. थोडे प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता, पण त्याचे शाळेतले काम तेवढेच होते. कार्यक्रमही साधे होते. भित्तिपत्रक काढणे, मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी ठेवणे, मुलांचे गट जमविणे आणि कोणाला एकट्याने बोलायचे असेल तर ऐकून घेणे. आठ महिन्यांनी नववीच्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा बाहेरच्या व्यक्तीच्या शाळांत वातावरण सुधारलेले, दांडगाई व मारहाण कमी झालेली आणि खिन्नतेची लक्षणे उतरलेली आढळली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत केवळ वर्गपाठ असलेल्या शाळांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढील वर्षीच्या पाहणीतही हे अंतर टिकून राहिले, किंबहुना वाढले.

यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम, परीक्षा, जनगणना, मतदारयाद्या आणि वर निर्देशिलेले पूर्तता-अहवाल या सर्वांमधून ज्याची सुटका नाही, त्याने मुलांचे मन ऐकायला वेळ कोठून आणावा? शिवाय जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्याजवळ मनातले बोलणे मुलांना अवघड जाते. आम्हांस या प्रयोगातून दिसते ते असे की पाठ तोच, कार्यक्रम तेच, फरक पडला तो ऐकून घेण्यासाठीच नेमलेल्या माणसामुळे. भित्तिपत्रक आणि पेटी यांत नवे काही नाही. अमळनेरच्या हस्तलिखित दैनिकाची ती भावंडेच म्हणावी लागतील.

परदेशातील एक दाखला याला पूरक आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला उभारीचा पाठ्यक्रम २००७ पासून इंग्लंडमधील तीन प्रदेशांतील काही शाळांत शिकविण्यात आला. त्याचा शासकीय मूल्यमापन अहवाल २०११ मध्ये आला. प्रारंभी मुलांच्या मनःस्थितीत अल्प सुधारणा दिसली. दोन वर्षांनंतर ती ओसरलेली होती. तास संपले, पाठ विसरला, असेच म्हणावे लागेल. पाठाने काहीच होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पाठ हा आरंभ आहे आणि त्याच्यामागे रोजचे माणूस नसेल तर तो आरंभच राहतो, एवढाच अर्थ.

‘श्यामची आई’च्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे ही दोन्ही पुस्तके एकाच काळात मराठी वाचकासमोर आली. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या परत गेल्या, स्वतः विचार करून जातिभेदाचे जोखड टाकून दिले आणि १९०० मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईने मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. उभारीचा याहून मोठा दाखला मराठीत शोधावा लागेल.

पण लक्ष्मीबाई उभारी शिकवीत नाहीत. त्या हसतात. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तापटपणा आणि विसराळूपणा, स्वतःचे अज्ञान, या साऱ्यांकडे त्या अशा नजरेने पाहतात की दुःख लपत नाही आणि त्याचा बडेजावही होत नाही. हे हसू म्हणजे आजकालचा ‘सकारात्मक दृष्टिकोन’ नव्हे. तो दृष्टिकोन दुःखाकडे पाहू नका म्हणतो. लक्ष्मीबाई दुःखाकडे इतके नीट पाहतात की त्यातला वेडगळपणाही त्यांना दिसतो. श्यामच्या कथेत रडण्याला जागा आहे, येथे हसण्याला. मुलांना दोन्ही वाटा माहीत असाव्यात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तिसरी वाट आहे. तेथला तरुण मास्तर वाडीला शिकवायला जातो आणि वाडीकडूनच शिकतो. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे जगण्यासाठी बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. मास्तरच्या हाती त्या दुष्काळाला थोपविणारे काही नसते. प्रत्येक संकट व्यक्तीच्या वृत्तीने टळत नाही, काही संकटे पावसाची आणि व्यवस्थेची असतात, हे ती कादंबरी एकही उपदेश न करता सांगते. मुलांना उभारी शिकविण्याच्या उत्साहात मोठ्यांनी आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर ढकलू नये, यासाठी हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

आता एक अवघड गोष्ट. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले. संस्कारवर्गांत या घटनेचा उच्चार होत नाही, आणि लहान मुलांपुढे तो करण्याचे कारणही नाही. पण आपण मोठ्या वाचकांनी ती विसरून चालणार नाही. ज्याने एवढ्यांना धीर दिला त्याचाही धीर एके दिवशी सुटू शकतो. याचा अर्थ त्यांचे पुस्तक खोटे ठरले, असा मुळीच नाही. उभारी ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, देवी काढल्यासारखी एकदा टोचून घेण्याचीही नव्हे, असा त्याचा अर्थ आहे. ती माणसामाणसांत रोज नव्याने निर्माण व्हावी लागते, आणि जो इतरांना आधार देतो त्यालाही आधार लागतो. आधार मागणे हे कौशल्य दहांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही. आमच्या मते ते पहिले असावे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या; शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतील एक प्रमुख सूचना आहे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जे कशातच रमत नाही, त्याला गोष्टीची नव्हे तर उपचाराची गरज असते, आणि तो वेळेवर मिळाला पाहिजे. साहित्य औषधाची जागा घेऊ शकत नाही. परंतु मुलाला बोलण्यासाठी शब्द आणि ऐकणारा माणूस या दोन गोष्टी साहित्याच्या निमित्ताने घरात येऊ शकतात, आणि तेथे आपल्यासारख्यांचे काम सुरू होते.

बडोद्याला या कामाची परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, गावोगावी ग्रंथालये काढली, ‘श्री सयाजी बालज्ञानमाले’तून मुलांसाठी पुस्तके प्रसिद्ध करविली. मुलाच्या हाती पूर्ण पुस्तक पोचावे, अशी ती दृष्टी होती. आज आपल्या घरांतील चौथी-पाचवी पिढी इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकते. मराठी त्यांना बोलता येते, वाचताना अडखळायला होते. म्हणून त्यांच्यासाठी सोपे तात्पर्य काढून ठेवावे, असा मोह होतो. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्यांना भाषा अडखळते त्यांना तर वाचून दाखविणारा माणूस हवाच. अडखळण्यामुळे आजीला किंवा आजोबांना शेजारी बसावे लागत असेल, तर ती अडचण नसून सोय मानावी.

तेव्हा आपल्या मंडळाच्या सुट्टीतील वर्गांसाठी आमची सूचना साधी आहे. ‘श्यामची आई’ वाचावयाची असेल तर ती सलग वाचावी. कर्जाच्या, जप्तीच्या आणि आईच्या अखेरच्या आजाराच्या रात्री वगळू नयेत. लहानांसाठी रात्री निवडाव्यात, पण थोड्या मोठ्या मुलांपासून शेवट लपवू नये. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये, श्रेणी तर मुळीच देऊ नये. थोडा वेळ गप्प बसावे. बहुधा कोणी तरी मूल स्वतःहून बोलेल. आईने मारले ते बरोबर होते का, सावकार इतका वाईट का वागला, किंवा आमच्या वर्गात एका मुलाला सगळे असेच चिडवतात, असे काही तरी. त्या वेळी मोठ्यांनी उत्तर देण्याची घाई करू नये. ऐकावे. नालंदातील त्या साध्या माणसांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते.

‘श्यामची आई’ला नव्वद वर्षे होऊन गेली. तिच्यातले काही विचार जुने झाले, काही रीती त्याज्य ठरल्या. उरली आहे ती रात्रीची ती बैठक, जिथे एक जण आपल्या दुबळेपणाची गोष्ट सांगतो आणि बाकीचे जागे राहून ऐकतात. जीवनकौशल्यांच्या पाठ्यक्रमाला ती बैठक भरविता आली तर त्याचे स्वागतच आहे. तोवर ती आपल्या घरांत भरविण्यास कोणाच्या परिपत्रकाची आवश्यकता नाही.